हाताची घडी, तोंडावर बोट

गेल्या हिवाळ्यात चौदा वर्षांखालच्या मुलींच्या एका सामन्यात मी बॉल पकडला. यात विशेष काय, असं कुणी म्हणेल. विशेष हे, की मी खेळत नव्हतो. कोच होतो. साइडलाइनच्या बाहेर उभा होतो आणि समोरच्या संघातल्या एका मुलीनं फेकलेला लांब पास माझ्या डाव्या खांद्यावरून निघाला होता. आमची एक मुलगी त्याच्यामागे जीव खाऊन पळत होती. बॉल अजून हवेत होता, म्हणजे जिवंत होता. तिनं उडी मारून तो आत ढकललाही असता. त्याआधीच माझे हात वर गेले आणि बॉल छातीशी येऊन बसला, पंचवीस वर्षांपूर्वी बसायचा तसाच.

पंचांनी शिट्टी फुंकली आणि दोन हातांचा 'टी' करून दाखवला. टेक्निकल फाउल. बेंचवरच्या मुली क्षणभर सुन्न झाल्या, मग हसू आवरेना म्हणून एकमेकींच्या पाठीत तोंडं खुपसून बसल्या. पळत आलेली ती मुलगी माझ्यासमोर धापा टाकत उभी. "सर, माझा होता तो," एवढंच म्हणाली आणि परत आत गेली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पहिलीच्या वर्गाला शिकवते. भाजी चिरता चिरता म्हणाली, "मग तुलाही सांगायला हवं. हाताची घडी, तोंडावर बोट."

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. बास्केटबॉलचा सामना लागला की मी खेळाडूंकडे कमी आणि कोचच्या हातांकडे जास्त बघतो. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगचे सामने आपल्याकडे भल्या पहाटे किंवा सकाळच्या घाईत येतात. एक डोळा दुधावर आणि एक टीव्हीवर. कॅमेरा मधूनच साइडलाइनवर जातो, आणि तिथे सुटाबुटातला किंवा हल्ली साध्या ट्रॅकसूटमधला एक माणूस येरझारा घालत असतो. त्यानं कुठवर फिरायचं हेही ठरलेलं आहे. कोर्टच्या टोकाच्या रेघेपासून, म्हणजे बेसलाइनपासून, २८ फुटांवर एक रेघ असते, तिच्या पलीकडे जायचं नाही. एसटी स्टँडवर गाडी लागायची वाट बघणारी माणसं फलाटाच्या कडेला जशी चुळबुळतात, तसे हे कोच त्या पट्ट्यात चुळबुळत असतात. कुणी हात खिशात घालतो, कुणी काखेत दाबून ठेवतो. कुणाचे हात स्वतःच्या नकळत बचावाची पोझिशन घेतात, आणि मग त्याच्या लक्षात येतं की अरे, आपण तर आता खेळत नाही.

जेसन किडचे हात घ्या. १९ हंगामांत या हातांनी १२,०९१ असिस्ट दिले, म्हणजे तितक्या वेळा त्याच्या पासवर दुसऱ्या कुणीतरी बास्केट केली. तो निवृत्त झाला तेव्हा या यादीत त्याच्या वर एकटा जॉन स्टॉकटन होता. निवृत्ती जाहीर केली २०१३ च्या जूनमध्ये, आणि त्याच महिन्यात तो ब्रुकलिन नेट्सचा मुख्य कोच झाला. मध्ये धड दोन आठवडेही गेले नाहीत. आपल्याकडे कारकून निवृत्त झाला तरी आधी काशीला जाऊन येतो.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धचा सामना. शेवटचे काही सेकंद, नेट्स मागे, आणि टाइम-आउट, म्हणजे खेळ थांबवून संघाशी बोलायच्या संधी, सगळे वापरून झालेले. किड हातात शीतपेयाचा ग्लास घेऊन उभा. त्याचाच एक खेळाडू बेंचकडे येताना त्याला धडकला आणि ग्लास कोर्टवर सांडला. खेळ थांबला, फरशी पुसायला माणसं धावली, आणि तेवढ्या वेळात सहायक कोचनं बाकीच्यांना गोळा करून पुढचा डाव आखून दिला. किड आधी म्हणाला की हाताला घाम होता, ग्लास निसटला. पण चित्रफितीत तो त्या पोराला 'धडक मला' असं सांगतोय असं वाटण्याइतके त्याचे ओठ स्पष्ट हलत होते. लीगनं ५० हजार डॉलर दंड ठोकला. सामना हरायचा तो हरलेच.

लबाडी होती, त्यात वाद नाही. मला हसूही आलं. पण तो प्रसंग तिसऱ्यांदा बघितला तेव्हा हसू ओसरलं. काही महिन्यांपूर्वीपर्यंत जे हात सामन्याचा वेग ठरवत होते, हवा तेव्हा खेळ मंद करायचे, हवा तेव्हा पळवायचे, त्यांच्या ताब्यात आता एक ग्लास तेवढा उरला होता. त्या हातांनी जे जमलं ते केलं. पुढे किड चांगला कोच झाला, २०२४ मध्ये त्यानं डॅलसला अंतिम मालिकेपर्यंत नेलं. मात्र मला विचाराल तर त्याचा खरा पहिला धडा त्या ओल्या फरशीवरचा.

मॅजिक जॉन्सनचं दुखणं याहून खोल होतं. १९९१ च्या नोव्हेंबरात एचआयव्हीचं निदान झाल्यावर तो निवृत्त झाला. १९९४ च्या मार्चमध्ये लेकर्सनं, त्याच्याच संघानं, हंगामाचे शेवटचे १६ सामने त्याला कोच म्हणून उभं केलं. पहिल्या सहांपैकी पाच जिंकले. मग ओळीनं दहा हरले. मॅजिकनं पुढच्या हंगामाला नको म्हटलं. हे सगळं करताना तो ३४ वर्षांचा होता, बेंचवरच्या काही खेळाडूंपेक्षा फार मोठा नाही, आणि बहुतेकांपेक्षा अजूनही चांगला. डोळ्यांसमोर चुकीचा पास जातो आहे, बरोबर कुठला होता हे मनगटाला कळलंय, आणि करायचं काय, तर ओरडायचं. १९९६ च्या जानेवारीत तो खेळाडू म्हणूनच परत आला, ३२ सामने खेळला. कोच म्हणून १६, खेळाडू म्हणून आणखी ३२. या दोन आकड्यांत मला त्याचं सगळं मन दिसतं.

त्याच संघातला जेरी वेस्ट हा त्याच्याही आधीचा. एनबीएच्या बोधचिन्हातली ड्रिबल करणारी आकृती याचीच, असं सगळे धरून चालतात. तो तीन हंगाम लेकर्सचा कोच होता आणि त्यात रमला नाही. १९८१ मध्ये संघाच्या मालकानं पत्रकारांसमोर गोंधळ घातला. वेस्ट आणि पॅट रायली यांच्यात नक्की मुख्य कोच कोण, हे त्याला नीट सांगता येईना. तेव्हा वेस्टनंच तिथल्या तिथे माइकवर स्पष्ट केलं की आपण फक्त रायलीच्या मदतीला आहोत. हा रायली म्हणजे नऊ हंगाम बहुतेक बेंचवर काढलेला माणूस. खेळणं संपल्यावर लेकर्सच्या सामन्यांचं समालोचन करायचा. एका कोचला सायकलवरून पडून जबर दुखापत झाली, त्याचा सहायक मुख्य झाला, आणि रिकाम्या झालेल्या सहायकाच्या खुर्चीत माइकवरचा रायली येऊन बसला. दोन वर्षांत तोच मुख्य. लेकर्सना त्यानं चार विजेतेपदं मिळवून दिली आणि पुढे २००६ मध्ये मायामीला एक.

इथवर आलं की मराठी माणूस हटकून आचरेकर सरांचं नाव काढतो. माझ्या मित्रानंही काढलं. आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले आणि घडवला कोण, तर तेंडुलकर. खरं आहे. पण ते पोरं घडवत होते. पोराच्या कानाखाली वाजवता येत होती. एनबीएतला कोच ज्यांना 'तू बस' म्हणतो ते त्याच्यापेक्षा दीड फूट उंच असतात, बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त कमावतात, आणि त्यांच्यातला एखादा मोठा खेळाडू मालकाशी दोन शब्द बोलला तर नोकरी कोचची जाते. तेव्हा ही तुलना फार ताणू नये.

माझी स्वतःची जखम सांगतो, म्हणजे स्टीव्ह करचा विषय का काढतोय ते कळेल. १९९७ च्या जूनमध्ये मी चौदा वर्षांचा होतो. शाळा नुकतीच उघडली होती. शनिवार, सकाळची शाळा, आणि त्याच सकाळी केबलवर शिकागो बुल्स विरुद्ध युटा जॅझ अंतिम मालिकेचा सहावा सामना. मी पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. आईनं ओव्याची पुरचुंडी हातात दिली आणि काही बोलली नाही, तिला कळलं होतं. ८६-८६ अशी बरोबरी, काही सेकंद बाकी. बॉल बुल्सच्या मायकल जॉर्डनकडे जाणार हे आमच्या केबलवाल्यालाही माहीत होतं. तो जॉर्डनकडेच गेला. दोघे जण त्याच्या अंगावर धावले, आणि त्यातला दुसरा ज्याला सोडून धावला होता तो एक सडपातळ, सोनेरी केसांचा माणूस फ्री थ्रो लाइनजवळ एकटा उभा राहिला. जॉर्डननं पास दिला, त्यानं मारला, गेला. मी ओरडलो, कोण आहे हा? तो कर होता. तोवर मला त्याचं नावसुद्धा धड माहीत नव्हतं.

विजयाच्या सभेत करनं यावर एक किस्सा रचून सांगितला. टाइम-आउटमध्ये सगळ्यांनी मायकलला शॉट घ्यायला सांगितलं, पण मायकल म्हणाला की अशा वेळी मला जरा अवघडल्यासारखं होतं, दुसऱ्या कुणाला तरी बघा. मग मी मनात म्हटलं, चला, मायकलला परत एकदा आपणच सांभाळून घेऊ. लाखोंचा जमाव हसला, जॉर्डनही हसला. जो माणूस १५ वर्षांत ९१० सामने खेळला आणि त्यातले फक्त ३० पहिल्यापासून खेळला, तोच असा विनोद करू शकतो. उरलेल्या ८८० सामन्यांत तो बेंचवरून उठून आला. येताना अंग थंड, हात थंड, आणि तीन मिनिटांत एखादा शॉट मिळाला तर तो घालायचा. त्याची तीन गुणांच्या शॉटची सरासरी ४५.४ टक्के. गरम हातानंही ती जमणं अवघड.

मीही बेंचवरचाच. तीन वर्षं जिल्ह्याच्या संघात होतो आणि माझ्या ट्रॅकसूटची चेन बहुतेक वेळा वरपर्यंत लावलेली असायची. आमच्या सरांनी मला एका उपांत्य सामन्यात शेवटच्या दीड मिनिटाला आत घातलं. माझ्या हातात आलेला पहिला बॉल मी थेट समोरच्या संघाला दिला. त्यावर कुणी काही बोललं नाही आणि तेच जास्त लागलं. तेव्हापासून बेंच म्हणजे शिक्षा, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

पुढे वाचत गेलो तसं जाणवलं की नुसतं बेंच पुरत नाही. बेंचवर बसलेल्याला वाटत असतं की आता बोलावतील, मग बोलावतील. त्याचे हात तयारीत असतात. खरी मोडणारी गोष्ट म्हणजे शरीरानंच सांगितलं की यंदा नाही. फिल जॅक्सन न्यूयॉर्क निक्सकडून खेळायचा. पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झाली आणि १९६९-७० चा अख्खा हंगाम त्याला बाहेर बसावं लागलं. नेमका त्याच वर्षी निक्स विजेते झाले. तो ते सगळं कडेला बसून बघत होता, कोच रेड होल्झमन कसा विचार करतो ते जवळून ऐकत होता. त्याच जॅक्सननं पुढे कोच म्हणून ११ विजेतेपदं जिंकली, सहा शिकागोत आणि पाच लॉस एंजेलिसमध्ये. त्याची एक सवय बाकी कोचना समजत नसे. संघ गडगडायला लागला, समोरच्यांनी लागोपाठ दहा गुण केले, प्रेक्षक उठून उभे राहिले, की कुठलाही कोच टाइम-आउट मागतो. जॅक्सन बसून राहायचा. लेकर्सच्या काळात तर खास उंच खुर्चीत, पाय लांब करून. तुम्हीच घातलाय हा घोळ, तुम्हीच निस्तरा. हाताची घडी म्हणतात ती ही.

बेकी हॅमनचंही तसंच. पाच फूट सहा इंच उंची, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कुणी घेतलं नाही, तरी डब्ल्यूएनबीएत, महिलांच्या लीगमध्ये, १६ हंगाम खेळली. २०१३ मध्ये गुडघा गेला. त्या वर्षी ती सॅन अँटोनियोत होती, आणि तिथल्याच स्पर्सच्या सरावांना, कोचच्या बैठकांना जाऊन बसायला लागली. स्पर्सचा कोच ग्रेग पोपोविचला तिचे प्रश्न आवडले असावेत, कारण २०१४ मध्ये त्यानं तिला सहायक म्हणून घेतलं. ३० डिसेंबर २०२० ला पंचांनी पोपोविचला बाहेर काढलं आणि जाता जाता त्यानं संघ तिच्या हवाली केला. एनबीएच्या सामन्यात मुख्य कोचच्या जागी उभी राहिलेली ती पहिली बाई. मग लास व्हेगासच्या महिला संघाला पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, विजेतेपद आणि पुढच्या वर्षी परत. स्टीव्ह करचाही गुडघा कॉलेजात असताना, १९८६ च्या विश्वस्पर्धेत गेला होता, आणि पुढचा हंगाम त्यानं असाच बसून काढला.

मोठा खेळाडू चांगला कोच होत नाही म्हणणाऱ्यांना लॅरी बर्डचं काय करायचं ते कळत नाही. १९९७ मध्ये कोचिंगचा काडीचा अनुभव नसताना तो इंडियाना पेसर्सकडे गेला. पहिल्याच वर्षी ५८ विजय आणि वर्षातला सर्वोत्तम कोच. पण खेळाडू बर्डच्या शेवटच्या वर्षांतलं एक दृश्य मला आठवतं. पाठ इतकी गेली होती की त्याला बेंचवर बसवत नसे. त्याच्या जागी दुसरा आत गेला की तो साइडलाइनपाशी फरशीवर पालथा पडून, हनुवटी वर करून सामना बघायचा. जगातला एक सर्वोत्तम खेळाडू, कोर्टच्या पातळीवर डोळे, आणि समोरून दहा जोड बूट पळताहेत. या माणसाला पुढे हात बांधून बसणं जड गेलं नाही यात नवल ते काय. इंडियानात त्यानं डिफेन्स एका सहायकाला दिला, आक्रमण रिक कार्लाइलला दिलं आणि स्वतः गप्प बसला. हा कार्लाइल म्हणजे बर्डच्याच सेल्टिक्समधला, फारसा न खेळलेला गडी. पुढे २०११ मध्ये डॅलसला त्यानं विजेता केलं तेव्हा त्याच्या संघात बॉल कुणाच्या हातात होता? जेसन किडच्या. तीन वर्षांहून जास्त एका कोचचं कुणी ऐकत नाही असं बर्डचं मत होतं. २००० मध्ये संघाला अंतिम मालिकेपर्यंत नेऊन, तिथे फिल जॅक्सनच्या लेकर्सकडून हरून, ठरल्याप्रमाणे तो निघून गेला. शब्दाचा पक्का.

हे सगळं जुळवताना मला बरं वाटत होतं, आणि मग बिल रसेल आडवा आला. त्यानं हाताची घडी घातलीच नाही. १९६६ मध्ये रेड ऑरबॅक बोस्टन सेल्टिक्सच्या कोचपदावरून उतरला आणि ती जागा संघातल्याच रसेलला दिली. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत आधुनिक काळात मुख्य कोच झालेला तो पहिला कृष्णवर्णीय. पहिल्याच पत्रकार परिषदेत त्याला विचारलं गेलं की गोऱ्या खेळाडूंशी तू निःपक्षपातीपणे वागशील का. गोऱ्या कोचना उलटा प्रश्न आजवर कुणी विचारला होता, हे त्या पत्रकाराच्या मनातही आलं नसावं. आणि रसेल खेळणं न सोडता कोच झाला. रिबाऊंड घेत, ब्लॉक करत, घामानं निथळत तो टाइम-आउट मागायचा. पहिल्या वर्षी फिलाडेल्फियानं हरवलं, मग १९६८ आणि १९६९ अशी दोन विजेतेपदं.

१९६९ च्या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात तर लॉस एंजेलिसच्या मालकानं विजयाचे फुगे आधीच छताला टांगून ठेवले होते. शेवटच्या मिनिटांत लेकर्सचा विल्ट चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर गेला, थोड्या वेळानं परत यायला तयार झाला, पण त्याच्या कोचनं त्याला घेतलं नाही. दुसरीकडे रसेलला हा प्रश्नच नव्हता. कोचही तोच आणि सेंटरही, म्हणजे रिंगजवळचा उंच खेळाडूही, तोच. सेल्टिक्स १०८-१०६ नं जिंकले, फुगे वरच राहिले. त्यानंतर रसेलनं दोन्ही सोडलं. पुढे नुसता कोच म्हणून तो सिअॅटलला गेला, मग १९८७ मध्ये सॅक्रॅमेंटोला, तिथे १७ जिंकले आणि ४१ हरले. हात मोकळे होते तोवर तो कोच होता, असं मला म्हणावंसं वाटतं. आता तर नियमांमुळे एकाच माणसाला दोन्ही होता येत नाही. १९७९ नंतर एनबीएत असा खेळाडू-कोच झालेला नाही.

आपल्याकडे व्यावसायिक बास्केटबॉल म्हणावं असं काही टिकलंच नाही. चांगला खेळाडू रेल्वेत, बँकेत किंवा पोलिसांत लागतो, आणि संध्याकाळी पाचनंतर मैदानावर पोरं जमवतो. मुंबईत नागपाड्याच्या कोर्टांवर हे कित्येक वर्षं चालत आलं आहे. भारताचा कप्तान राहिलेला, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवलेला अब्बास मुंतसिर तिथलाच. पैसा नाही, करार नाही, साइडलाइनला २८ फुटांची रेघ नाही. तिथे सर सरळ पोरांच्यात उतरून खेळतात, चप्पल बाजूला काढून. या मोकळेपणाचा मला हेवा वाटतो.

परत करकडे येतो, कारण तो २०१४ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सचा कोच झाला तेव्हा त्याची पहिली मोठी परीक्षा बेंचचीच होती. आंद्रे इग्वोडाला तोवर एनबीएत ७५८ सामने खेळला होता आणि ७५८ च्या ७५८ पहिल्यापासून. करनं त्याला सांगितलं की यंदा तू बेंचवरून येशील. असं सांगायला तोंड लागतं, आणि ते ऐकून घ्यायला समोरच्याला माहीत असावं लागतं की हा माणूस ८८० वेळा त्याच बाकावर बसून आलाय. इग्वोडाला संपूर्ण हंगाम बेंचवरून आला. अंतिम मालिकेत क्लीव्हलँडनं दोन-एक अशी आघाडी घेतली. तेव्हा एका अठ्ठावीस वर्षांच्या मदतनिसानं जुन्या चित्रफिती बघून सुचवलं की उंच सेंटर काढा आणि इग्वोडालाला पहिल्यापासून खेळवा. करनं ऐकलं. सामन्याआधी पत्रकारांना बदल नाही म्हणून सांगितलं, नंतर खोटं बोललो हेही कबूल केलं, आणि कल्पना कुणाची होती ते त्या पोराचं नाव घेऊन सांगितलं. वॉरियर्स पुढचे तिन्ही सामने जिंकले. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू इग्वोडाला.

त्याहून मला १२ फेब्रुवारी २०१८ ची रात्र आवडते. फिनिक्सविरुद्ध सामना. टाइम-आउट झाला. कोच खाली वाकतो, मांडीवर पाटी घेतो, मार्करनं गोल आणि फुल्या काढतो, हे नेहमीचं. त्या दिवशी करच्या हातात पाटी नव्हती. इग्वोडाला घेऊन बसला होता. पुढच्या वेळी डेव्हिड वेस्ट, मग ड्रेमंड ग्रीन. कर मागे उभा, गर्दीतल्या बघ्यासारखा. माझा आवाज ऐकून ऐकून ते कंटाळलेत, संघ त्यांचा आहे, अशा अर्थाचं तो नंतर बोलला. फिनिक्सच्या काहींना तो अपमान वाटला, आणि ४६ गुणांनी हरल्यावर कुणालाही वाटेल. आमच्या गटात यावर दोन दिवस वाद चालला. नाटक आहे, म्हणाले. असेल. मी मात्र त्या चित्रात करचे हात शोधत होतो. ते त्यानं पाठीमागे धरले होते की खिशात घातले होते, गर्दीमुळे शेवटपर्यंत दिसलं नाही.

आता सामन्याच्या वेळी मी दोन्ही हातांत काहीतरी धरतो. डाव्या हातात वही, उजव्यात पाण्याची बाटली. बायको म्हणते, लग्नात आहेर धरून उभा असल्यासारखा दिसतोस. मागच्या महिन्यात आमचा सामना होता, दोन गुणांनी मागे, अकरा सेकंद. टाइम-आउट घेतला. पाटी उचलायला वाकलो तर ती आधीच मांडीवर घेऊन बसलेली, तीच, जिचा बॉल मी पकडला होता. मार्करचं टोपण दातांत. स्वतःचा गोल तिनं बाकी चौघींपेक्षा मोठा काढला होता. बाण इतके की कोण कुठं जाणार ते मला कळेना. चौघी मात्र माना डोलवत होत्या. मी वहीवरची पकड घट्ट केली. शिट्टी झाली, त्या आत गेल्या, बॉल तिच्याकडेच आला, शॉट रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर पडला.

बसमध्ये ती माझ्या पुढच्या सीटवर होती. उतरताना तिनं मागे वळून हात पुढे केला. मला वाटलं, बाटली मागतेय. तिला मार्कर हवा होता.